एकाच भांड्यातला खिमाभात

प्रश्न : एकाच पातेल्यात खिमा आणि तांदूळ शिजवले की भात गिच्च होतो आणि खिम्याच्या गुठळ्या राहतात. उपाय सुचवावा. (एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद)

उत्तर : ज्या शहरात कल्याणी बिर्याणीच्या रूपाने म्हशीच्या मांसाची व तांदळाची सांगड दीर्घकाळ घातली गेली आहे, तेथील गृहस्थाने तांदळाला दोष द्यावा, हे आश्चर्यच, कारण खरी गफलत पाण्याच्या हिशेबात आहे. खिमा तापताच स्वतःचे पाणी सोडतो, आणि ते आटून कडेला तेल सुटण्यापूर्वीच तांदूळ वैरले, तर भाताचे आसट होणे अटळ ठरते.

म्हणून पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात कांदा व आले-लसूण परतून पाव किलो खिमा मोठ्या आचेवर उलथन्याने सतत मोडत राहावे (गुठळ्या पहिल्या चार-पाच मिनिटांतच मोडतात, पुढे नाही). मग थोडे पाणी घालून, झाकून तो पूर्ण मऊ शिजवावा आणि ओलावा आटवावा. त्यानंतरच अर्धा तास भिजवून निथळलेले दोन वाट्या बासमती तांदूळ आणि तीन वाट्या कढत पाणी घालावे. मंद आचेवर पंधरा मिनिटे, मग दहा मिनिटे झाकून ठेवणे. मध्यंतरी ढवळण्याची सक्त मनाई.

लुइझियानातील केजन लोक अशाच भातात सेलरी व ढोबळी मिरची घालतात. आपण ढोबळी मिरची खुशाल घालावी. सोबतीला मात्र चिंच-तिळाचा खट्टाच घ्यावा.