लहान मुले आणि डोंगरावरील राहुटी

डोंगराच्या कुशीत राहुटी ठोकून एक रात्र काढणे, ही मोठ्या माणसांस मौजेची गोष्ट वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलासही ती मौजच असते. परंतु दिवस मावळेपर्यंतच. अंधार पडला की नेहमीची खोली व आईची हाक ही दोन्ही दूर राहिली आहेत, याची त्यास प्रथमच जाणीव होते. आमच्या शाळेतील प्राथमिक वर्गांची मुले हिवाळ्यात अशा मुक्कामास जातात आणि नववीतील काही विद्यार्थी त्यांच्या देखरेखीस असतात. त्या विद्यार्थ्यांकरिता, आणि मुलांस घेऊन डोंगरावर जाऊ इच्छिणाऱ्या पालकांकरिता, हा पाठ लिहिला आहे. त्याचा आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही मुलांसह कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावाजवळ उतरलो होतो. वारा लागू नये आणि पाणी जवळ असावे, म्हणून ओढ्याकाठच्या खोलगट जागी राहुट्या ठोकल्या. जेवणे झाली, गाणी झाली, मुले निजली. पहाटे चारच्या सुमारास आम्ही बॅटरी घेऊन फेरी मारीत असता, एका राहुटीत सात वर्षांचा एक मुलगा अंथरुणाबाहेर गुडघ्यांत मान घालून बसलेला आढळला. मध्यरात्री केव्हातरी त्याचे अंथरूण ओले झाले होते. लाजेने त्याने कोणास उठविले नव्हते. त्याचे हातपाय गार पडले होते, अंगाची थरथर मंदावली होती, आणि तो एका एका शब्दात, तेही अडखळत, उत्तर देत होता. आम्ही त्याचे ओले कपडे उतरवून त्यास कोरड्या घोंगडीत गुंडाळले, अंगाशी धरून ऊब दिली, आणि तो नीट बोलू लागल्यावर कोमट गोड दूध घोट घोट पाजले. सूर्य वर येईतो मुलगा सावरला. “हाक का मारली नाहीस?” असे विचारता तो म्हणाला, “सर, तुम्ही झोपला होतात.”

त्या मुलाकडे दोष नव्हता. रात्री अडचण आली तर काय करावे, हे आम्ही त्यास सांगितलेच नव्हते. पुढे विचार करता आमच्या तीन चुका ध्यानात आल्या: जागा चुकली, अंथरूण चुकले, आणि विचारपूस करावयाची राहिली. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम जागा. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे, तसतशी हवा दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होत जाते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. तेव्हा कोकण किनाऱ्यापेक्षा तेथील हवा सुमारे दहा अंशांनी थंड असावयाची. यावरून पायथा उबदार असणार, असा तर्क कोणीही करील. परंतु हिवाळ्यातील निरभ्र आणि निवांत रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते, आणि ती पाण्याप्रमाणे उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. ओढ्याचा काठ अशा वेळी सभोवारच्या उतारापेक्षा अधिक गार असतो. म्हणून राहुटी ओढ्यापासून काहीशी वर, सपाट पण उंचवट्याच्या जागी ठोकावी. दरडीखाली किंवा वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली ती कधीही ठोकू नये. पावसाळ्यात तर लहान मुलांस घेऊन असा मुक्काम करूच नये. ओढ्यास पाणी केव्हा चढेल याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट मुलाच्या शरीराची. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १ येते. बाजू दुप्पट केली, तर पृष्ठफळ २४ व घनफळ ८ होते; म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्यास पृष्ठफळ सहाऐवजी तीनच येते. उष्णता शरीरात साठते आणि त्वचेवाटे बाहेर पडते. लहान मुलाची त्वचा त्याच्या वजनाच्या मानाने अधिक असल्याने ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. त्यातून कपडे ओले असतील तर संकट वाढते. कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. थरथर कापणे हा शरीराचा स्वसंरक्षणाचा प्रयत्न होय. अंग गारच असता ती थरथर थांबली, तर मूल बरे झाले असे न समजता धोका वाढला असे समजावे. अशा मुलाचे हातपाय जोराने चोळू नयेत, त्यास विस्तवाशी बसवू नये, आणि ऊब देत देत वैद्यकीय मदत मागवावी.

अंथरुणाविषयी लोक पांघरुणाचीच अधिक काळजी करतात. वास्तविक जमीन खालून पुष्कळ उष्णता ओढून घेते. अकोले तालुक्याच्या या भागात भाताची शेती होते. शेतकऱ्यास विचारून व त्याचा मोबदला देऊन थोडा पेंढा घ्यावा आणि राहुटीच्या तळाखाली जाड पसरावा. त्यावर सतरंजी, मग घोंगडी, मग मूल. प्रत्येक मुलाचे कोरड्या कपड्यांचे एक गाठोडे त्याच्या उशाशीच असावे, आणि ते कशासाठी आहे हे सर्वांसमक्ष न सांगता एकेकट्यास सांगावे. राहुटीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. नाहीतर श्वासातील बाष्प आतून कापडावर जमून अंथरुणावर ठिबकते. थंडी कितीही असो, पेटलेली शेगडी आत नेऊ नये. तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वास नाही. निजलेला मनुष्य त्याने जागाच होत नाही.

आता सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी. मण्यार हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्यांस चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. मूल सकाळी केवळ “पोट दुखते” म्हणते. पुढे पापण्या जड होतात. यासाठी तळ शिवलेली राहुटी घ्यावी आणि तिचे दार सदैव बंद ठेवावे. बूट घालण्यापूर्वी झटकावेत. त्यांत विंचू दडून बसतो. तांबड्या विंचवाचा दंश मुलांस प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्रॅझोसिन या औषधाने त्यावर उपचार रूढ केला, आणि त्यामुळे पुष्कळ रोगी वाचले. परंतु तो उपचार दवाखान्यातच होतो. दंशाची जागा कापणे, चोखणे वा करकचून बांधणे यांत वेळ न दवडता मुलास निश्चल ठेवून दवाखाना गाठावा. सापाचे प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलावण्यासाठी फोन कोठून लागतो, ही चौकशी मुक्कामापूर्वीच करून ठेवावी.

शेवटची चूक विचारपुशीची. लहान मूल आपली अडचण मोठ्यांच्या शब्दांत सांगत नाही. थंडी वाजते म्हणण्याऐवजी ते गप्प बसते. भय वाटते म्हणण्याऐवजी रुसते. हिमालयात २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ लागतो, तेव्हाही अजाण मूल डोके दुखते असे न सांगता नुसते जेवण नाकारते व किरकिर करते. म्हणून त्याने सांगण्याची वाट पाहू नये. निजताना, मध्यरात्री आणि पहाटे प्रत्येक मुलाच्या मानेस हात लावून पाहावे, अंथरूण चाचपावे, आणि जागे असेल त्यास हळूच विचारावे. त्याने उठविल्यास आपण रागावणार नाही, हे दिवसाउजेडीच दोनदा सांगून ठेवावे. ओले अंथरूण आढळले तर कुजबुजसुद्धा न करता ते बदलावे. दुसऱ्या दिवशी त्याची थट्टा होऊ देऊ नये. एकदा हसे झाले, की पुढच्या वेळी कोणतेही मूल हाक मारणार नाही.

पुढल्या वर्षी तोच मुलगा पुन्हा मुक्कामास आला. राहुटी या खेपेस ओढ्याच्या वर, उंचवट्यावर होती. संध्याकाळी आम्ही फेरीवर असता, तो आपल्याहून लहान अशा एका मुलास उशाजवळचे गाठोडे दाखवीत होता व सांगत होता, “काही झाले तर सरांना उठव. ते रागावत नाहीत.” यंदा जे विद्यार्थी देखरेखीस जातील, त्यांच्याविषयीही एखाद्या मुलाने असेच सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.