गादी सरकली म्हणजे ऑपरेशन ठरलंच का?



परिसर अभ्यासाच्या तासाला मी हाडांचा सांगाडा शिकवत होते. फळ्यावर पाठीचा कणा काढला, एकावर एक मणके रचले आणि दोन मणक्यांच्या मध्ये खडूने आडवं काहीतरी रंगवून म्हटलं, "ही गादी. हिच्यामुळे उडी मारली तरी हाडावर हाड आपटत नाही." मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, माझ्या पप्पांची गादी सरकलीय. ती परत जागेवर ढकलता येत नाही का?" वर्ग हसला. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील फाइल घेऊनच शाळेत आले. ट्रॅक्टर चालवतात. आठ महिन्यांपासून कंबर दुखतेय. एमआरआयच्या कागदावर 'एल ४–एल ५ डिस्क बल्ज' असं लिहिलेलं. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की दुर्बिणीतून छोटंसं ऑपरेशन करू, एकच टाका, दुसऱ्या दिवशी घरी. तारीखही मिळाली होती. पैशांसाठी घरातलं सोनं गहाण ठेवायचं ठरलं होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. करू का?"

करा किंवा करू नका हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण डॉक्टरांना काय विचारायचं हे तर आपण शोधून काढू शकतो. त्या निमित्ताने जे वाचलं आणि समजून घेतलं ते इथे मांडते. आपल्या शिक्षकांमध्येही कंबरदुखी कमी नाही. दिवसभर उभं राहणं, नंतर खाली वाकून वह्या तपासणं, वर दुचाकीवरून रोजचा प्रवास.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. गादी म्हणजे उकडीचा मोदक समजा. बाहेर चिवट आवरण, आत मऊ गर. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती कपाटाच्या खणासारखी सरकत नाही आणि मागे ढकलताही येत नाही. 'सरकली' हा फक्त बोलण्यातला शब्द आहे. खरं तर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. मोदक नुसता दबून चहूबाजूंनी पसरट होतो, त्याला रिपोर्टमध्ये बल्ज म्हणतात. एका बाजूला टेंगूळ येतं, ते प्रोट्रूजन. पारी फाटून सारण बाहेर येतं, ते एक्स्ट्रूजन. आणि बाहेर आलेला तुकडा कधीकधी सुटून वेगळाही पडतो. शेजारून पायाकडे जाणारी नस जात असते. ती दाबली गेली तर दुखणं कंबरेपेक्षा पायात जास्त जाणवतं.

आता 'दुर्बिणीचं ऑपरेशन' या शब्दाकडे येऊ. दुर्बीण ही फक्त वाट आहे. चीर लहान, स्नायू कमी दुखावतात, घरी लवकर जाता येतं, हे सगळं खरं. पण आत जाऊन करायचं काम तेच, नसेवर आलेला गादीचा तुकडा काढून नस मोकळी करायची. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की पायातल्या त्या कळा फाटलेल्या गादीमुळे येऊ शकतात. त्यानंतर चीर लहान होत गेली, १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक आला, नंतर दुर्बीण आली. पण नस दबलेलीच नसेल तर मोकळं काय करणार? चीर किती लहान आहे यावरून रुग्ण ऑपरेशनला योग्य ठरत नाही. माझ्या मते लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते.

म्हणून त्या वडिलांना वहीच्या पानावर मी पहिला प्रश्न लिहून दिला : दुखणं नेमकं कुठे आहे? कंबरेत, की ढुंगणातून मांडीमागून गुडघ्याच्या खाली पायापर्यंत? सोबत मुंग्या, बधिरपणा, पाय ओढला जाणं आहे का? दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल आणि एकाच नसेच्या वाटेने जात असेल तर नस मोकळी करून फायदा होण्याची शक्यता चांगली असते. नुसती कंबर दुखत असेल तर ती शक्यता बरीच कमी होते.

दुसरा प्रश्न तपासणीचा. डॉक्टरांनी हात लावून तपासलं का? उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात कळ गेली तर नस दबल्याचा संशय बळावतो. दुसरा, चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर तो संशय आणखी पक्का. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा, अंगठा वर ओढून धरा, असं सांगतात. गुडघ्यावर आणि टाचेमागे छोट्या हातोडीने ठोकतात. यावरून कोणती नस ते कळतं. एल ४–एल ५ च्या गादीचा तुकडा बहुतेक वेळा पाचव्या नसेवर येतो आणि मग पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. या वडिलांची ती झालीच नव्हती, फक्त फिल्म पाहिली गेली होती.

फिल्मबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत गादी फुगलेली होती, चाळिशीत निम्म्या लोकांत, ऐंशीत ८४ टक्के लोकांत. दुखत काहीच नव्हतं! मग कागदावर बल्ज लिहिलेलं आहे म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं कसं म्हणणार? केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखतंय असं आपण म्हणत नाही. एमआरआयचा उपयोग नक्की आहे, पण दुखण्याची बाजू, तपासणीत सापडलेली नस आणि फिल्ममधली जागा ही तिन्ही एकमेकांशी जुळली तर. डावा पाय दुखतोय आणि तुकडा उजवीकडे, तर काहीतरी चुकतंय.

तिसरा प्रश्न वेळेचा. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. त्यामुळे पायातल्या कळा बऱ्याच जणांच्या सहा ते बारा आठवड्यांत कमी होतात. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र कळा सोसणाऱ्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला औषधं देऊन थांबवलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना मात्र पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. म्हणजे थांबणं चूक नाही आणि ऑपरेशनही चूक नाही. सहा आठवडे नीट व्यायाम आणि औषधं घेऊनही कळा हटत नसतील तर तो माणूस पात्र ठरतो.

पण काही बाबतीत थांबायचं नाही, हे पालकांनी लक्षात ठेवा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आणि संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आहे. जंतुसंसर्ग, फ्रॅक्चर, गाठ यांपैकी काही नाही ना, हे आधी पाहावं लागतं. पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात, कारण मणकाच मणक्यावरून घसरत असेल तर नुसता तुकडा काढून भागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वाढलेली साखर हेही आधी सांगायचं.

माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीचं उदाहरण देते. तिला डाव्या पायात कळा होत्या, पण ती घाबरली ती वेगळ्याच गोष्टीने. चालताना डाव्या पायातली चप्पल निघून जायची आणि तिला कळायचंही नाही. अंगठा वर उचलता येईना. फिल्ममध्ये डावीकडेच सुटलेला तुकडा, पाचव्या नसेवर. सगळं जुळलं. तिला कोणी सहा आठवडे थांब म्हटलं नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, जाग आली तेव्हा पायातली कळ गेलेली होती. अंगठ्याची ताकद यायला मात्र काही महिने लागले, आणि पाऊल थोडं बधिर आहे ते आहेच. तिला आधीच सांगितलं होतं की शंभरातल्या पाच ते पंधरा जणांत त्याच गादीचा तुकडा पुन्हा बाहेर येऊ शकतो.

मग ज्यांची नस दबलेली नाही, गादीच दुखतेय, त्यांचं काय? हा भाग अवघड आहे. सुई घालून गादीतला दाब कमी करण्याचे उपचार आहेत, लेझरच्या जाहिराती तर सगळीकडे दिसतात. पण ते पारी शाबूत असलेल्या मोदकासाठी. गर बाहेर पडलाय किंवा गादी झिजून चपटी झालीय, तर त्यांचा उपयोग नाही. मणक्याच्या आतली बारीक नस उष्णतेने निकामी करण्याचाही एक नवा उपचार आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचं कंबरदुखणं, तेवढेच दिवस इतर उपाय करून झालेले आणि फिल्ममध्ये मणक्याच्या कडेला विशिष्ट बदल लागतात. पूर्वी कोणती गादी दुखते ते शोधायला तिच्यात सुईने औषध टोचून पाहत. २००९ च्या एका अभ्यासात दहा वर्षांनी तपासल्यावर अशा टोचलेल्या गाद्या जास्त झिजलेल्या आढळल्या, त्यामुळे आता ते जपूनच करतात.

ते वडील पान घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत गेले. रांगेत अर्धा दिवस गेला. पण तिथे डॉक्टरांनी त्यांना झोपवून, चालवून, ठोकून तपासलं. पाय सरळ वर जात होता, ताकद पूर्ण, गुडघ्याखाली दुखणं नाही. वाकवून काढलेले एक्स-रे आणि रक्ताची तपासणी ठीक. मणक्याच्या कडेचे ते बदलही नव्हते. ऑपरेशनची गरज नाही असं लिहून मिळालं. पाठीचे व्यायाम, रोज चालणं, ट्रॅक्टरची सीट बदलणं, तंबाखू आणि बिडी बंद. पाठ नाजूक झालीय ही भीती मनातून काढा, हेही सांगितलं. त्या भीतीने माणूस हलायचंच सोडतो आणि पाठ आणखी आखडते.

तीन महिने झाले. दुखणं गेलेलं नाही, पण निम्म्यावर आलंय असं ते म्हणतात. सोनं घरातच आहे. बिडी सुटली, तंबाखू नाही. आता पुढच्या तपासणीला जाताना रोजच्या दुखण्याची नोंद हवी, शून्य ते दहा अंकांत. ती त्यांचा मुलगा लिहितो. जुन्या दोनरेघी वहीत तारीख, अंक आणि पुढे एक शब्द, 'बसून', 'वाकून', 'झोपून'. परवा मी ती वही पाहिली. एका दिवशी अंकाच्या जागी नुसतं 'ऊस' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "बाई, त्या दिवशी पप्पा रात्री उशिरा आले, विचारायचं राहिलं."