थरथरणारे हात

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. मी शाळेत मुख्याध्यापक असताना माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अशाच एका कारखान्यात मागावर काम करीत. तुटलेला धागा क्षणात सांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांस दारूचे व्यसन जडले होते. एकदा त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडण्याची शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांचे हात इतके कापू लागले की, फणीतून धागा ओवता येईना. झोप उडाली. उगाचच भीती वाटू लागली. चौथ्या दिवशी ते पुन्हा गुत्त्यावर गेले. "तुमच्यात निर्धारच नाही," असे मी त्यांना सुनावले. ते खाली मान घालून निघून गेले.

त्या चार दिवसांत त्यांच्या मेंदूत काय घडत असेल? अशा प्रश्नाचा शोध आपल्याच राज्यात, नागपूर येथे, काही शास्त्रज्ञांनी घेतला आहे. डॉ. निशिकांत सुभेदार हे त्यांतील एक प्रमुख नाव होय.

सुभेदार हे मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. नागपूर विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केले. पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतही काम केले. लांब मिशांचा मागूर मासा तुम्हांस ठाऊक असेल. त्या माशाच्या मेंदूचे अतिशय बारीक निरीक्षण त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. माशाच्या मेंदूचा आणि दारूचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रासायनिक द्रव्यांच्या द्वारे निरोप धाडतात. त्यांपैकी काही द्रव्ये पेप्टाइड या जातीची असतात, आणि मासा, बेडूक, उंदीर व मनुष्य यांच्या मेंदूत ती बरीचशी सारखीच आढळतात. मागुराने शिकविलेले असे उंदरापाशी कामास आले.

मद्यार्क मेंदूचे व्यापार मंदावतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग तोल राखण्यासाठी आपली उत्तेजना वाढवितो. जणू तराजूच्या एका पारड्यात कोणी नित्य वजन टाकावे आणि आपण दुसऱ्या पारड्यात तेवढेच टाकीत जावे. दारू एकाएकी थांबली की पहिले पारडे रिकामे होते, आणि दुसरे धाडकन खाली जाते. हात कापतात, छाती धडधडते, मन भयाने व्यापते.

हे भय कोणत्या द्रव्यामुळे वाढते? दादासाहेब कोकरे, चोपडे आणि सुभेदार यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उंदरांची परीक्षा घेतली होती. अधिक चिन्हाच्या आकाराचा एक मार्ग उंचावर ठेवावयाचा. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. भ्यालेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसून राहतो. दारू तोडलेल्या उंदरांच्या या भीतीत, त्वचेच्या रंगाशी संबंध असलेल्या एका पेप्टाइडाचा हात असल्याचे त्यांना दिसून आले. 2008 साली मनोज दांडेकर व सहकाऱ्यांनी 'कार्ट' नावाच्या दुसऱ्या पेप्टाइडाचा माग काढला. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याचे अमिग्डाला हे नावही बदामावरूनच पडले, आणि भीतीशी त्याचा निकट संबंध आहे. दारू तोडलेल्या उंदरांच्या त्या भागात 'कार्ट' वाढलेले आढळले. त्यास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तेथेच टोचली, तेव्हा उंदरांची भीती कमी झाली.

उंदरावरून मनुष्याचे औषध लगेच तयार होत नाही. त्यास फार काळ लागतो. परंतु दारू तोडल्यावर येणारा कंप, निद्रानाश, क्वचित येणारे झटकेही, आटोक्यात ठेवणारी काही औषधे वैद्यांपाशी पूर्वीपासूनच आहेत. जुन्या व्यसनी माणसाने एकाएकी दारू थांबविणे जिवावरही बेतू शकते. म्हणून त्या दिवसांत त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवतात, आणि औषधाची मात्रा हळूहळू उतरवीत नेतात.

त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. नाहीतर त्या सकाळी मी त्यांना उपदेश केला नसता. शाळेची घंटा शिपायाच्या हाती सोपवून, त्यांना घेऊन सरळ रुग्णालयाची वाट धरली असती.