बाथरूमला निळा रंग द्यायचाय? मग आधी हे वाचा!

आपल्या होस्टेलच्या बाथरूमना उन्हाळी सुट्टीत रंग द्यायचं ठरलं आहे. रंग कोणता ते मुलींनीच ठरवायचं आहे. निळ्यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण कोणता निळा यावर मात्र महाभारत! कुणाला आकाशी हवा, कुणाला मोरपंखी, कुणाला गर्द. (मी पडले कॉन्व्हेंटची. ‘मोरपंखी’ हा शब्दही मला आजीने शिकवला. त्यामुळे भाषेत चूकभूल द्यावी घ्यावी.)

गंमत बाजूला ठेवू. मागच्या वेळचा निळा एका पावसाळ्यात फुगला आणि त्याचे पोपडे बादलीत पडायला लागले. आता पैसे पुन्हा लवकर मिळणार नाहीत. म्हणून शेड कार्ड उघडण्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत. निळा कशापासून बनलाय? भिंत आणि पाणी कसं आहे? दिवा कोणता आहे? आणि भिंत साफ कोण करणार, कशाने?

१) निळा कशापासून बनलाय?

डब्यातल्या रंगाला निळेपणा देणाऱ्या पुडीला रंगद्रव्य किंवा पिगमेंट म्हणतात. आपल्या कामाचे तीन निळे बघू.

पहिला अल्ट्रामरिन. कपड्यांना घालायची नीळ-पूड ती हीच. पूर्वी हा निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून काढत. आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी अजिंठ्याच्या चित्रांत जो निळा दिसतो तो याच दगडाचा. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवायची पद्धत निघाली आणि राजेरजवाड्यांचा निळा धोब्याच्या घरी पोचला. खेड्यात चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवतात ते शास्त्राला धरूनच आहे. चुना अल्कली, आणि अल्ट्रामरिन अल्कलीला अजिबात घाबरत नाही. तो घाबरतो ॲसिडला! चिमूटभर नीळ-पुडीवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की रंग उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. प्रयोग करायचाच असेल तर लॅबमध्ये, सरांसमोर करा.

दुसरा प्रशियन ब्लू. तो 18 व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. याचं अगदी उलट आहे. हा अल्कलीत टिकत नाही, त्याचं विघटन होऊन तपकिरी लोह हायड्रॉक्साइड बनतं. म्हणजे चुन्याच्या किंवा नव्या सिमेंटच्या भिंतीवर हा नकोच.

तिसरा थॅलो ब्लू, म्हणजे कॉपर थॅलोसायनिन. 1928 मध्ये स्कॉटलंडच्या एका कारखान्यात याच कुटुंबातलं एक रंगद्रव्य योगायोगाने हाती लागलं आणि 1935 मध्ये हा निळा बाजारात आला. ॲसिड, अल्कली, ऊन, तिन्हींना पुरून उरतो. ताकद इतकी की पांढऱ्या बेसमध्ये अगदी थोडा टाकला तरी आकाशी तयार.

म्हणून दुकानात ‘हा शेड द्या’ एवढंच म्हणू नका. ‘यात कोणतं पिगमेंट आहे, अल्कलीला टिकतं का, ॲसिडला टिकतं का,’ हेही विचारा. दुकानदार जरा चमकेल, पण माहितीपत्रक काढून देईल. घरची द्रव नीळ मात्र रंगात ओतू नका. ती पाण्यात विरघळणारी डाय आहे, बाथरूममध्ये ती वाहून जाणार.

२) भिंत आणि पाणी

अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला काटेपूर्णेचं. पण नळाचं पाणी पुरत नाही तिथे बोअर सुरू होते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोठा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं आहे. असं पाणी भिंतीत मुरलं की वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाला मागून ढकलतात. आपण ज्याला ‘रंग खराब निघाला’ म्हणतो ते बरेचदा भिंतीचं दुखणं असतं. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंतीला भेगा पडतात आणि पाण्याला वाट मिळते.

तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओली आहे. आधी गळती शोधा, रंग नंतर. पांढरा क्षार आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, नाहीतर तो पुन्हा आत जाईल. जुना चुना पूर्ण खरवडा. नवं प्लास्टर महिनाभर वाळू द्या आणि मग अल्कलीला टिकणारा प्रायमर मारा. ताज्या प्लास्टरवर ऑईलपेंट मारला तर अल्कलीमुळे तेलाचा अक्षरशः साबण होतो. केमिस्ट्रीत सॅपोनिफिकेशन शिकलोय ना? तेच ते!

३) दिवा

शेड कार्डवरचा इंचभर तुकडा दुकानातल्या उजेडात एक दिसतो, बाथरूममध्ये दुसराच. पिवळसर प्रकाशात (सुमारे 2700 ते 3000 केल्विन) निळे किरण कमी असतात, म्हणून निळा मळकट, करडा दिसतो. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली तोच निळा थंडगार होतो, आणि आरशात आपला चेहरा आजारी! शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे छोट्या खोलीत रंग कार्डापेक्षा गडद वाटतो. म्हणून मनात असेल त्याहून एक पायरी फिका घ्या. दोन फूट बाय दोन फूट नमुना भिंतीवरच मारा, वाळू द्या, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा बघा. छत पांढरंच ठेवा.

थोडं गणित. बाथरूम 4 फूट बाय 6 फूट, टाइल्सच्या वर 4 फूट भिंत. परिमिती 20, म्हणजे 80 चौरस फूट. दार-खिडकीचे 10 वजा केले की 70. अशी 12 बाथरूम म्हणजे 840. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 100 चौरस फूट लिहिलं असेल तर 8.4, म्हणजे 9 लिटर. सगळे डबे एकाच बॅच नंबरचे, एकदमच आणा. नंतर आणलेला निळा थोडा तरी वेगळा निघतोच.

४) साफ कोण करणार?

हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणीच विचारला नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जड पाण्याचे पांढरे थर काढायला मावशी दर आठवड्याला ॲसिड ओततात. ॲसिड थर काढतं, पण टाइल्सच्या फटींतलं सिमेंटही खातं. फटींतून पाणी भिंतीत, पाण्यातून क्षार वर, क्षारामुळे पोपडे. म्हणजे आपला निळा उडायची सुरुवात ॲसिडच्या बाटलीपासून होते! आणि त्याची वाफ जाते मावशींच्या छातीत. कुणी त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे दोन कधीच एकत्र करू नका.

उपाय आपल्याच हातात आहे. आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढलं, खिडकी उघडी ठेवली, की थर कमी बसतो. उरलेला थर किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो. तेही सौम्य ॲसिडच आहे, म्हणून ब्लीचिंगपासून दूर ठेवा, फटींवर साचू न देता लगेच धुवा. नळाखालचे थर रोज पुसले तर तेही फारसं लागणार नाही.

तर माझं मत असं: थॅलो ब्लूचा फिका आकाशी, धुता येईल असा वॉशेबल इमल्शन, अल्कली-प्रूफ प्रायमर, पांढरं छत, आणि मे महिन्यात कोरड्या भिंतीवर काम. गर्द निळा छान दिसतो, पण त्यावर क्षाराचा प्रत्येक डाग उठून दिसतो. आकाशीवर ते डाग कमी खुपतात, पण ओल दिसायला लागली की ती कळते. ती वेळेवर कळलेलीच बरी.

आपल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा ज्या गावी जात तिथे आधी खराटा हातात घेत, कीर्तन मग रात्री. रंगाचं पण तसंच आहे. आधी भिंत कोरडी, फट बंद, वायपर हातात. मग खुशाल शेड कार्ड उघडा आणि मोरपंखीवरून भांडा!