जर्मन शेफर्ड कुत्र्याचे आरोग्य व आयुर्मान

आपल्याकडे 'अल्सेशियन' या नावाने परिचित असलेला जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढपाळाचा साथी. जर्मनीतील मेंढपाळी कुत्र्यांमधून निवड करून माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ साली या जातीच्या संवर्धनास आरंभ केला. दिवसभर कळपाभोवती फिरावे म्हणून घडविलेल्या या प्राण्याचे मागचे पायच दुर्बळ ठरावेत, हे खेदजनक होय.

ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवर आधारित २०१७ च्या एका अभ्यासात या जातीचे मध्यक आयुर्मान १०.३ वर्षे आढळले. मृत्यूच्या कारणांत हाडे-स्नायूंचे विकार व उभे राहण्याची असमर्थता ही अग्रभागी होती.

मुख्य व्याधी खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोल खोबणीत घट्ट न बसल्याने सांधा झिजतो. पिल्लू सशासारखे दोन्ही पाय जुळवून उड्या मारू लागले, उठताना अडखळू लागले, की संशय घ्यावा. हा दोष आनुवंशिक आहे. तथापि त्याची तीव्रता पुष्कळ अंशी पालनकर्त्याच्या हाती असते. पिल्लू लवकर धिप्पाड व्हावे या हौसेने त्यास भरमसाट खाऊ घालतात, वर कॅल्शियमच्या गोळ्या देतात. ही माया नव्हे, अपायच होय. शिल्लक कॅल्शियम वाढत्या हाडांना बाधते आणि अकाली वाढलेले वजन कोवळ्या सांध्यांवर पडते. गुळगुळीत फरशीही टाळावी. पिल्लू घेताना वंशावळीच्या कागदाबरोबरच मातापित्यांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे मागावीत. विक्रेता ती दाखवीत नसेल तर व्यवहार थांबविलेला बरा.

उतारवयात, साधारणतः आठ वर्षांनंतर, पाय फरफटू लागले पण वेदना दिसत नसेल, तर तो मज्जारज्जूचा ऱ्हास असू शकतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही.

भरपूर खाऊनही कुत्रा रोडावत असेल आणि मळ पुष्कळ व पातळ होत असेल, तर केवळ जंताचे औषध देऊन थांबू नये. स्वादुपिंडातून पाचकरस कमी स्रवण्याचा विकार या जातीत विशेष आढळतो व योग्य औषधाने तो आटोक्यात राहतो.

आपल्या हवामानात गोचिडांचा उपद्रव मोठा. गोचीडतापाचे उग्र रूप या जातीत अधिक दिसते. ताप, नाकातून रक्त वा फिकट हिरड्या दिसताच रक्ततपासणी करून घ्यावी.

पोट एकाएकी फुगून कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये. जठर पीळ खाल्ल्यास काही तासांतच कुत्रा दगावतो. तेव्हा रात्र असली तरी पशुवैद्याकडे न्यावे.