दुष्काळ आणि मंडळीचें कर्तव्य

शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें 11 : 27–30. सोबत वाचावें : उत्पत्ति 41, लूक 10 : 25–37.

नाशिक जिल्हा एक, पण त्याचें पर्जन्यमान एक नाहीं. इगतपुरी, पेठ व सुरगाणा येथें मुबलक पाऊस पडतो. सिन्नर, येवला, नांदगांव व चांदवड येथील शेतकरी मात्र आभाळाकडे डोळे लावून बसतो. 1876–78, 1896–97, 1899–1900 व 1972 हे दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाहीं. म्हणून हा पाठ उपदेशकांनीं सुकाळांतच मंडळीस शिकवावा.

1. आधीं तयारी. अगबानें दुष्काळाची सूचना दिली, तेव्हां अंत्युखियाची मंडळी भुकेल्यांचा आक्रोश कानीं पडेपर्यंत थांबली नाहीं. योसेफानेंहि सुकाळाच्या सात वर्षांत पंचमांश धान्य सांठविलें. कणगी रिकामी झाल्यावर केलेली प्रार्थना देव ऐकतोच. परंतु कणगी भरलेली असतां केलेला विचार हीहि प्रार्थनाच होय.

2. प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें. 1900 सालीं अमेरिकेंतील ‘ख्रिश्चन हेरल्ड’ ह्या साप्ताहिकाच्या वाचकांनीं वर्गणी केली आणि ‘क्विटो’ नांवाच्या जहाजानें मका मुंबईस आला. ज्यांनीं आमचा देश कधीं पाहिला नव्हता, त्यांनीं तो पाठविला. मग शेजारच्या वाडीचें दुःख आपणांस दूरचें कसें वाटावें?

3. विश्वासू हात. अंत्युखियाची देणगी बर्णबा व शौल ह्या दोघांच्या हातीं वडिलांकडे गेली. मदतीचें धान्य एकाच्या ताब्यांत राहूं नये. दोघांनीं मापावें, तिसऱ्यानें लिहावें व हिशेब सर्वांसमक्ष वाचावा. ह्यांत कोणाचा अपमान नाहीं. उलट प्रामाणिक मनुष्याचें त्यानें रक्षणच होतें.

4. पोट भरून थांबूं नये. पंडिता रमाबाईंनीं आईबाप व बहीण दुष्काळांतच गमावलीं होतीं. 1897 सालीं त्यांनीं मध्यप्रांतांतील दुष्काळपीडित स्त्रिया व मुली केडगांवीं आणिल्या. त्यांस केवळ अन्न दिलें नाहीं, तर अक्षरओळख व हातास उद्योगहि दिला. नाशिकजवळ 1854 सालीं वसविलेल्या शरणपुरांतहि, गुलामगिरींतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांस कारागिरी शिकवीत असत. पुढें जालना व सोलापूर येथील मिशनच्या लोकांनीं कूपनलिकांवर टिकाऊ हातपंप बसविण्याचा खटाटोप केला. सोलापूरच्या पंपावरूनच 1970 नंतरच्या दशकांत ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला व देशभर गांवोगांव पोंचला. एका दिवसाची भाकर दुसऱ्या दिवशीं संपते. विहिरीचें पाणी नातवंडेंहि पितात.

5. अन्न हें आमिष नव्हे. हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. दुष्काळांत जे मिशनच्या आश्रयास आले, त्यांस पोटासाठीं धर्म सोडल्याचा टोमणा ऐकावा लागला, आणि तो त्यांच्या लेकरांसहि पुरला. ज्यानें भुकेल्यास घांस देतांना विश्वासाची अट घातली, त्यानें घांस विकला. आणि ज्यानें त्या अटीवर होकार दिला, त्याच्या होकारांत त्याचें मन किती व त्याची भूक किती, हें कोण सांगेल?

येथें कोणी म्हणेल, “अंत्युखियानें मदत पाठविली ती यहूदीयांतील बंधूंसच; मग आधीं आपल्यांस कां देऊं नये?” शंका योग्य आहे. आपल्या मंडळींतील विधवा उपाशी ठेवून बाहेर दानशूर म्हणवून घेणें हा ढोंगीपणा होय. तथापि शोमरोन्यानें वाटेवर पडलेल्या मनुष्यास त्याचा धर्म विचारला नाहीं. म्हणून यादी करावी ती भुकेच्या क्रमानें : अगोदर लहान मुलें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वृद्ध व आजारी, मग ते आपल्या वाड्यांतील असोत कीं गांवकुसाच्या पलीकडील असोत.

मंडळीनें करावयाचें काम : प्रत्येक घरानें रोज दळणांतून मूठभर धान्य बाजूस काढावें. गांवची विहीर उन्हाळ्यापूर्वीं उपसून स्वच्छ करावी. सरकारी कामें निघाल्यास निरक्षर मजुरांची हजेरी व मजुरी साक्षर तरुणांनीं तपासून द्यावी.

प्रश्न :
(1) अंत्युखियाच्या मंडळीनें कोणासाठीं, किती व कोणाच्या हातीं पाठविलें?
(2) आपल्या गांवांत यंदा पाऊस न पडल्यास प्रथम कोणाची चूल बंद पडेल? त्या घराचें नांव तुम्हांस ठाऊक आहे काय?
(3) तें घर आपल्या मंडळींतील नसेल, तर तुम्ही काय कराल?