पहिला नग विकायचा नसतो : हरणाच्या टॅक्सिडर्मीतून शिकायचा धंद्याचा धडा



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, टॅक्सिडर्मीचा धंदा कसा आहे? अमेरिकेत लोक एका हरणाच्या मुंडक्याचे शेकडो डॉलर घेतात म्हणे." सगळे हसले. मला मात्र प्रश्न आवडला. माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि त्याच्या शेजाऱ्याने नुकताच हा उद्योग शून्यापासून सुरू केलाय. त्याचं पहिलं हरीण कसं बिघडलं हे मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय. त्या बिघडलेल्या हरणात नवीन धंदा करणाऱ्यासाठी जो धडा आहे, तोच आज बघू.

आधी कायदा, मग उत्साह

टॅक्सिडर्मी म्हणजे आपण ज्याला "पेंढा भरलेला प्राणी" म्हणतो ते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये तुम्ही असे प्राणी पाहिले असतील. म्हैसूरची व्हॅन इंगेन ही कंपनी एके काळी या कामासाठी जगभर प्रसिद्ध होती. पण तो काळ शिकारीचा होता. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे, आणि मेलेलं सापडलेलं हरीणसुद्धा सरकारची मालमत्ता असते. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथे वाघ-बिबट्यांवर काम केलंय. पण ते सरकारी परवानगीने, अभ्यासासाठी आणि संग्रहालयासाठी.

म्हणजे व्हिडिओ बघून हरणाच्या टॅक्सिडर्मीचं दुकान टाकायचं, हे आपल्याकडे नाही. फ्रेमिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी खास : कोणी आजोबांच्या काळातलं शिंगांचं मुंडकं दुरुस्तीला आणलं, तर हात लावायच्या आधी कागदपत्रं विचारा, आणि शंका असेल तर वनखात्याला विचारा. दोनशे रुपयांच्या कामासाठी केस अंगावर घेऊ नका.

विस्कॉन्सिनमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे व्हाइट-टेल्ड डिअर, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण भरपूर आहे. परवाना काढून हंगामात शिकार करता येते, लोक मांस खातात आणि काही जण खांद्यापर्यंतचं मुंडकं करून भिंतीवर लावतात. टॅक्सिडर्मी करणाऱ्यालाही तिथे राज्याचा परवाना लागतो.

काम नक्की काय असतं?

आता पेंढा वगैरे काही भरत नाहीत. थोडक्यात पायऱ्या अशा :

१. खांद्याच्या मागून कातडी सोडवतात. खांदा, मान आणि डोक्याच्या या कातडीला "केप" म्हणतात. शिंगं कवटीच्या वरच्या तुकड्यासकट कापून ठेवतात.

२. कातडीवरचं मांस आणि चरबी खरवडून काढतात. ओठ, नाक, पापण्या आतून चिरून पातळ करतात. कान मोज्यासारखे आतून उलटवतात.

३. मीठ चोळून कातडी खारवतात, मग कमावतात.

४. मापाचा तयार फोमचा साचा मागवतात, ज्याला "फॉर्म" म्हणतात. त्यात काचेचे डोळे मातीत बसवतात.

५. फॉर्मला खळ लावून कातडी चढवतात, शिंगं स्क्रूने पक्की करतात, मानेमागून शिवतात आणि टाचण्या मारून वाळू देतात.

६. दोन-तीन आठवड्यांनी वाळल्यावर नाक, डोळ्यांच्या कडा वगैरे रंगवतात.

वाचायला सहा ओळी. शेजारीबुवांना पहिल्यांदा लागले जवळजवळ तीस तास, तेही वाळायचा वेळ सोडून.

पहिल्या हरणाचं काय झालं

हा माणूस पेशाने वेल्डर आहे. हात चांगला, कामाची सवय. त्याला वाटलं, जमेल. चार ठिकाणी फसला.

पहिली चूक – कान. कान टोकापर्यंत उलटवले नाहीत. अर्ध्यावर कंटाळा आला. त्यामुळे मीठ टोकापर्यंत पोचलंच नाही, आत जिवाणू वाढले आणि कातडी कमावताना कानाच्या टोकाचे केस हातात आले. याला ते लोक "स्लिपेज" म्हणतात. गेलेले केस परत चिकटत नाहीत. चूक पहिल्या दिवशी झाली आणि दिसली खूप नंतर. धंद्यात सगळ्यात महाग चुका याच जातीच्या असतात.

दुसरी चूक – माप. फॉर्म मागवायला दोन मापं महत्त्वाची : डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि मानेचा घेर. मानेचा घेर कातडी काढल्यावर घ्यायचा असतो. याने केसांवरूनच टेप फिरवला. वीस इंची फॉर्म मागवला, लागत होता अठरा इंची. कातडी मागे जुळेना. शेवटी कानस घेऊन फोम घासत बसला.

तिसरी चूक – डोळे. हरणाची बाहुली आपल्यासारखी गोल नसते, आडवी असते. डोकं थोडं कलतं असलं तरी बाहुली जमिनीला समांतर ठेवायची असते. याने ती डोक्याबरोबर तिरकी बसवली, वर पापण्या जास्त उघड्या ठेवल्या. हरीण बिचारं भूत बघितल्यासारखं दिसतं! जिवंत हरणाचे दहा फोटो समोर लावून काम केलं असतं तर हे टळलं असतं.

चौथी चूक – वाळताना सोडून दिलं. कातडी वाळताना आक्रसते. जिथे खळगे आहेत, जसं डोळ्यापुढची जागा, तिथे खळ कमी पडली किंवा टाचणी नसली तर कातडी फॉर्मपासून सुटून ढोलासारखी ताणली जाते. पहिले काही दिवस रोज बघून दाबावं लागतं. याने काम झालं म्हणून गॅरेजचं दार लावलं आणि आठवड्याने उघडलं.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे हरीण कोणाचं होतं? त्याचं स्वतःचं. मेहुणा आपलं हरीण घेऊन मागे लागला होता, पैसेही देत होता. याने सांगितलं, "आधी माझं बिघडू दे, मग तुझं बघू." दुसरंही स्वतःचंच केलं. तिसरं मेहुण्याचं, फक्त सामानाच्या खर्चात, आणि पहिली दोन समोर ठेवून. चौथ्याला पहिल्यांदा पूर्ण दर घेतला.

मी हे केलं नव्हतं

हे ऐकताना मी गप्प झालो होतो, कारण मला माझं दुकान आठवलं.

फोटो फ्रेमिंगचं दुकान टाकून जेमतेम महिना झाला होता. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, मार्केटिंग शिकलो होतो, कार्डंसुद्धा झकास छापली होती. एक मावशी आल्या. पिशवीत जुनी फ्रेम. लग्नातला फोटो, त्या आणि त्यांचे यजमान. यजमान वारले होते, आणि दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो. पावसाळ्यात ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. "नवीन फ्रेममध्ये घालून देशील का?" मी म्हणालो, "का नाही? संध्याकाळी घेऊन जा."

चिकटलेला फोटो मी आयुष्यात कधी सोडवला नव्हता. पातळ पट्टी घातली, हळूच ओढलं. कागद आला, पण यजमानांचा चेहरा काचेवरच राहिला.

संध्याकाळी मावशी आल्या. मी सगळं सांगितलं, पैसे नको म्हणालो. त्यांनी काच आणि फोटो, दोन्ही पिशवीत नीट ठेवलं. "राहू दे बाळा," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या परत कधी दुकानात आल्या नाहीत.

तो फोटो काचेसकट, जसा आहे तसा आधी स्कॅन करायला हवा होता. मग मावशींना धोका सांगून विचारायला हवं होतं. आणि त्याच्याही आधी रद्दीतले खराब फोटो आणून पंधरा-वीस तरी माझ्या हाताने फाडायला हवे होते. हे सगळं मी केलं, पण नंतर. आज दुकानात नियम आहे : काचेला चिकटलेला फोटो आधी स्कॅन, मग ग्राहकाची सही, मग हात.

हरणाची केप काय किंवा तो फोटो काय, ग्राहकाची वस्तू एकुलती एक असते. सामान दुकानात परत मिळतं, ती वस्तू मिळत नाही. टेलर, मोबाईल रिपेअरिंगवाले, मेकअप आर्टिस्ट, केकवाले, तुम्हालाही हे लागू आहे. नवरीचं लग्न काय दुसऱ्यांदा थोडंच लागणार?

आता हिशोब बघू

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

समजा, एका मुंडक्याचे ७०० डॉलर मिळतात. फॉर्म, डोळे, खळ, रंग मिळून १७० आणि कातडी कमावण्याचे ८०. खर्च २५०, उरले ४५०.

- सराईत माणूस १२ तासांत करतो : तासाला साडेसदतीस डॉलर.
- नवशिका ३० तास घेतो : तासाला १५ डॉलर.
- नवशिक्याने केप बिघडवली : १५० ची दुसरी केप, परत कमावण्याचे ८०, वर आणखी १५ तास. उरले २२०, तास ४५. तासाला पाच डॉलरही नाहीत. आणि ती केप ग्राहकाने मारलेल्या हरणाची राहिली नाही, हे त्याला सांगावं लागेल ते वेगळंच.

काम तेच, दरही तोच. फरक फक्त हाताच्या सरावाचा. म्हणून पहिल्या दोन नगांचा खर्च "नुकसान" म्हणून लिहू नका. तो शिकण्याचा खर्च आहे, आणि मशीन, डिपॉझिट यांच्यासारखाच तो भांडवलात आधीपासून धरायचा असतो. बहुतेक जण धरत नाहीत, आणि मग ही फी ग्राहकाच्या खिशातून वसूल होते.

अजून एक गोष्ट. विस्कॉन्सिनमधला बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये फक्त नऊ दिवसांचा असतो. म्हणजे वर्षभराची बरीच कामं काही दिवसांतच दारात येतात. ज्याने सराव हंगामाआधी केला तोच टिकतो, कारण गर्दीत शिकता येत नाही. तुमचा गणपती, दिवाळी, लग्नसराई तपासा. शिकायचे महिने कोणते आणि कमवायचे कोणते, हे वेगळं लिहून काढा.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातली "परत न मिळणारी" वस्तू कोणती? एका ओळीत लिहा.

२. पहिले दोन नग स्वतःच्या वस्तूवर, तिसरा घरच्या माणसासाठी सामानाच्या खर्चात, चौथ्यापासून पूर्ण दर. या चारही नगांच्या तारखा ठरवा.

३. पहिल्या दोन नगांचा खर्च काढा आणि भांडवलाच्या यादीत वेगळ्या ओळीवर टाका.

४. जी चूक आज होते पण नंतर दिसते, म्हणजे तुमच्या कामातले "कानाचे टोक", ती शोधा. तिथे रोज एकदा तपासायचा नियम करा.

५. जे काम कधी केलं नाही, त्याला "संध्याकाळी घेऊन जा" म्हणू नका. "हे मी आधी करून बघतो, मग सांगतो" असं म्हणायला शिका. त्याने गिऱ्हाईक जात नाही.

शेजारीबुवांनी ते पहिलं हरीण टाकून दिलेलं नाही. गॅरेजमध्ये कामाच्या टेबलासमोरच टांगलंय, टक्कल पडलेल्या कानांसकट. नवीन ग्राहक आला की आधी ते दाखवतो, मग आताचं काम दाखवतो. मावसभाऊ सांगतो, ते बघूनच लोकांचा विश्वास बसतो.

माझ्याकडे दाखवायला तसं काही नाही. माझा पहिला बिघडलेला नग मावशींच्या घरी आहे.

तुमचा पहिला नग तुमच्याच घरात राहू द्या. चला, कामाला लागा. भेटू पुढच्या धड्यात.